चार्लीनचे मार्क

मी बोलायला शिकवते. म्हणजे त्याचाच पगार घेते. ब्रिस्टलच्या एका कॉलेजात सोळा वर्षं कम्युनिकेशन शिकवतेय मी. प्लंबिंगच्या पोरांना गिऱ्हाइकाशी फोनवर कसं बोलायचं ते सांगते, केअर होममध्ये नोकरीला लागणाऱ्या बायकांकडून शिफ्टचा रिपोर्ट घोटून घेते. माझा नवरा शशिकांत म्हणतो, कॉलेज उगीच पैसे देतं, तू फुकटसुद्धा बोलली असतीस. तो विमानाच्या पंखांची गणितं करतो, दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. त्याला काय जातंय म्हणायला!

ऑक्टोबर २००६. हाफ-टर्मच्या सुट्टीआधीचा सोमवार. स्टाफरूममध्ये चहाचा मग घेऊन बसले आणि ईमेल उघडली, तर ग्लोरियाचं नाव.

आधी ग्लोरिया कोण ते सांगते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी एका वर्षासाठी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनाला गेले होते. शिक्षकांची अदलाबदल होती, तिकडचा एक मास्तर आमच्याकडे आणि मी त्याच्या जागी. त्याचं कॉलेज अपाची लोकांच्या रिझर्वेशनवर होतं. म्हणजे त्यांच्याच जमिनीतला एक तुकडा सरकारने त्यांना आखून दिलाय, त्यावरचं छोटंसं कम्युनिटी कॉलेज. पाच वर्ग, एक लायब्ररी, भोवती पाइनची झाडं आणि पार्किंगमध्ये पसरलेली कुत्री. ग्लोरिया तिथली डीन, स्वतः अपाची. बाई मोजकं बोलायची आणि त्यातलं निम्मं थट्टेचं असायचं. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, ‘बरं झालं आलीस. कोलंबस तुलाच शोधत होता, चुकून आमच्याकडे आला.’

ईमेल मात्र सरळ होती. चार्लीनने ग्रेडवर अपील केलंय. जानेवारीत सुरू होणाऱ्या नर्सिंगच्या कोर्सला तिची जागा राखून ठेवलीय, पण तुझ्या विषयात ती नापास आहे. शुक्रवारी सुनावणी. तुझं म्हणणं गुरुवारपर्यंत पाठव, थोडक्यात चालेल. खाली चार्लीनचा फॉर्म जोडला होता. ‘नापास होण्याचं कारण’ या चौकोनात तिने एकच वाक्य लिहिलं होतं: मी भाषण केलं नाही.

झालं. बाकी काही नाही. माझं नाव नाही, तक्रार नाही, काही नाही. मी ते वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून वर्गावर गेले.

चार्लीन चोवीस वर्षांची. तिथल्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. वडील नव्हते, आई आणि आजीने वाढवलेली. नर्स होऊन त्याच दवाखान्यात परत यायचं, एवढंच तिचं ठरलेलं. पहिला महिनाभर ती माझ्या वर्गात एक अक्षर बोलली नाही. मी कपाळ बडवून घेतलं, म्हटलं, कप्पाळ माझं, भिंतींना शिकवायला सात समुद्र ओलांडून आले! मग एक दिवस मी वर्गात पाच मिनिटं आधी पोचले, तर आत चार्लीन माझी नक्कल करत होती. पर्स काखेत गच्च दाबून, ‘ओके ओके ओके, लव्हली!’ म्हणत फळ्यासमोरून तुरुतुरु चालत होती. हुबेहूब! मला पाहिल्यावर तिने शांतपणे पर्स खाली ठेवली आणि जाऊन जागेवर बसली. मी इतकी हसले की टेबलाचा आधार घ्यावा लागला. तेव्हापासून ती माझी लाडकी झाली, आणि माणूस लाडकं झालं की मी त्याच्यात नको इतकी गुंतते.

कोर्समध्ये तीन भाषणं होती. पहिल्यात तिने चिखलात रुतलेला ट्रक कसा काढायचा ते सांगितलं आणि सगळ्यात जास्त मार्क मिळवले. दुसरं दवाखाना शनिवारी उघडा ठेवण्याबद्दल होतं. तिसरा विषय मी दिला होता, ‘मला घडवणारं माणूस’. तिने आजी निवडली. मुद्दे लिहून आणून दिले, झकास होते. त्यानंतर आठवड्याने आजी गेली.

चार्लीन दहा दिवस आली नाही. आली ती कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून, तिथे सुतकात कापतात तसे. तिला दारात पाहिलं आणि माझं काळीज हललं.

आता आपल्याकडे काय करतात? कुणाचं कोणी गेलं की आपण समाचाराला जातो. जवळ बसतो, विचारतो. कसं झालं? कधीपासून बरं नव्हतं? शेवटी कोण होतं जवळ? काही बोलले का? घरातलं माणूस सांगतं, रडतं, पुढचे पाहुणे आले की पुन्हा पहिल्यापासून सांगतं. माझे वडील गेले तेव्हा आईने तेरा दिवसांत ती हकिगत शंभरदा सांगितली असेल, आणि सांगून सांगूनच ती जगली. ज्याने विचारलं नाही त्याची मात्र तिने आठवण ठेवली. ‘आला, बसला, चहा प्यायला, एका शब्दाने विचारलं नाही मेल्याने,’ असं ती अजून म्हणते.

तर मी चार्लीनला मिठी मारली. भर वर्गात. आणि विचारलं. कसं झालं गं? हॉस्पिटलमध्ये का? तू होतीस ना जवळ? ती खाली बघत राहिली. मला वाटलं, लाजतेय, थोडं खोदलं की मोकळी होईल. मी हात धरूनच बसले होते, सोडते कुठली! शेवटी ती अगदी हळू म्हणाली, दुपारी आईचा निरोप आला होता, लगेच ये म्हणून, पण मी शिफ्ट संपवून गेले. पोचले तेव्हा झालं होतं. मी म्हटलं, अगं, तुझी काय चूक त्यात. आणि पाठीवरून हात फिरवला. वर्गात पंधरा माणसं होती, त्यांच्यातल्या एकानेही वर पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात भाषणाचा दिवस. चार्लीन उठून समोर आली, उभी राहिली आणि बोलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी घड्याळ बघतेय, माझाच जीव वर-खाली होतोय. तिचे मुद्दे माझ्या फाइलमध्ये होते. म्हटलं, सुरुवात करून दिली की गाडी चालू होईल. म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. आजीचं नाव, आडनाव, जन्मगाव. चांगलं खणखणीत, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मागचा एक वयस्क विद्यार्थी उठून बाहेर गेला. चार्लीनने माझ्याकडे पाहिलं, आणि तीही गेली. परत वर्गात आलीच नाही.

मी तिला तिसऱ्या भाषणाला शून्य दिलं. तिन्ही भाषणं केल्याशिवाय पास नाही, नियमच होता तसा. पण खरं सांगायचं तर नियमाचं निमित्त होतं, मला राग आला होता. एवढी माया लावली आणि पोरगी तोंड फिरवून गेली, याचा राग.

जूनमध्ये मी बॅगा भरत होते तेव्हा ग्लोरिया आली. खोकी बांधायला मदत केली, आणि दोरीची गाठ मारता मारता म्हणाली, ‘तू तिच्या आजीचं नाव घेतलंस.’ मी म्हटलं, हो, मग? ती म्हणाली, आमच्याकडे जुन्या वळणाच्या घरांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. त्याला जाऊ देतात. आणि ज्याच्या घरी असं झालंय त्याला कुणी बोलायला लावत नाही, तो स्वतः बोलेपर्यंत थांबतात, महिना लागो नाहीतर वर्ष. मी म्हटलं, अगं मग तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘तू विचारायचं थांबशील, याची वाट बघत होते.’

शरमेने माझं पाणी पाणी झालं. पण ग्रेड जमा झाले होते, परवाचं विमान होतं, आणि मी काहीही न करता घरी आले. हे पाप माझंच. ते कुणाच्या माथी मारता येणार नाही.

तर सोमवारी ती ईमेल आली, आणि मंगळवारचा सगळा दिवस मी काय केलं असेल? स्वतःचा विचार. नोव्हेंबरात आमच्या डिपार्टमेंटच्या हेडच्या जागेचा माझा इंटरव्ह्यू होता. अदलाबदलीच्या करारात लिहिलं होतं की असल्या कुठल्याही कागदाची कॉपी दोन्हीकडच्या प्रिन्सिपलना जाते. ‘विद्यार्थिनीने भाषण केलं नाही’ एवढं लिहून पाठवलं असतं तर ते खोटंही नव्हतं. ती स्वतःच तसं म्हणत होती. वर्गातली पोरं बोलणार नव्हती, ग्लोरियाच्या नुसतं कानावर आलेलं, ती त्या वेळी खोलीत नव्हती. काय घडलं ते सांगणारी जगात मी एकटी. हा विचार मी केला, चांगला दिवसभर केला, हे कबूल केलेलं बरं.

बुधवारी कॉलेज सुटल्यावर आम्ही मुरलीधरकाकांकडे गेलो. काका ब्रिस्टलच्या मराठी मंडळातले सगळ्यात जुने, चाळीस वर्षं इथे. त्यांच्या पत्नी लीलावतीकाकू आदल्या शनिवारी गेल्या होत्या. घरात बारा-पंधरा माणसं, कोपऱ्यात चपलांचा ढीग, स्वयंपाकघरात कुणीतरी पिठलंभात आणून ठेवलेला. मी मनाशी पक्कं केलं होतं, आज तोंडाला कुलूप. काही विचारायचं नाही. काकांच्या शेजारी जाऊन बसले आणि गप्प राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शशिकांत माझ्याकडे बघायला लागला, हिला बरं नाहीये का म्हणून.

काकांनी माझ्याकडे मान वळवली. ‘अलका,’ ते म्हणाले, ‘तू काही विचारलं नाहीस गं.’

एवढं दुखावलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. ‘शेजारचे गोरे कार्ड टाकून जातात दारातून,’ ते म्हणाले. ‘सॉरी फॉर युअर लॉस. चांगले आहेत बिचारे, पण विचारत कुणी नाही. म्हटलं, आता आपली माणसं येतील.’ मग मी विचारलं. कसं झालं काका? आणि काकांनी सांगितलं, सकाळचा चहा तिने अर्धा ठेवला तिथपासून ते अँब्युलन्सपर्यंत. दोनदा रडले, एकदा हसले, शेवटी डोळे पुसून म्हणाले, ‘बरं वाटलं बघ. सगळं सांगितलं की बरं वाटतं.’

गाडीत बसल्यावर माझं ठरलं. सगळं सांगायचं. हातचं राखून काही नाही. इंटरव्ह्यू गेला खड्ड्यात.

घरी येऊन कॉम्प्युटरवर बसले ती जेवायलासुद्धा उठले नाही. दोन पानं लिहिली. मी तिला भर वर्गात कसं गाठलं, काय काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं, तिच्या गळ्याशी आलेले शब्द मी कसे खेचून काढले, सगळं. आजीचं नाव लिहिलं नाही हं! तेवढी अक्कल आली होती. प्रत्येक ठिकाणी ‘तिची आजी’ लिहिलं आणि दोनदा तपासलं. पण बाकीचं जसंच्या तसं. विद्यार्थ्यांना मी हेच तर शिकवते, की मोघम बोलू नका, तपशील द्या, तपशिलाने समोरच्याची खात्री पटते. म्हणून तो शिफ्टचा तपशीलही घातला. ज्या मुलीच्या मनाला हे असं टोचत होतं तिला मी आठवड्याच्या आत बोलायला उभं केलं, हे सुनावणी घेणाऱ्या बोर्डाला कळायला नको का?

आमची ईशानी, वय सतरा, जन्म इथलाच, मागून येऊन वाचत उभी राहिली. ‘आई, एवढा लांब का लिहिला? फक्त लिही ना, माझा चूक होता, तिला पास करा. डन.’

‘गप गं,’ मी म्हटलं. ‘तुला काय कळतंय. माफी अशी तुटक नसते मागायची.’

शशिकांतही म्हणाला, ‘थोडक्यात चालेल असं लिहिलंय ना त्या बाईंनी?’ मी त्याला म्हटलं, तू तुझे पंख बघ. गुरुवारी सकाळी मी ते पाठवून दिलं आणि खरं सांगते, फार हलकं वाटलं. थोडी ऐटही वाटली. स्वतःची नोकरी पणाला लावून खरं बोलणारी मी, असं काहीतरी मनात येत होतं बसमध्ये.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे त्यांच्याकडे सकाळी दहाला, फोन वाजला. मी कणीक मळत होते. तशाच पिठाच्या हाताने उचलला.

‘ग्रेड बदलला,’ ग्लोरिया म्हणाली. ‘पास.’

‘देवा रे!’ मी ओरडलेच. ‘ईशानी, पास झाली ती! अगं ग्लोरिया, माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं...’

ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याची मला सवय होती, म्हणून मीच पुढे बोलत राहिले. बोर्ड काय म्हणालं, माझ्या पत्राचा उपयोग झाला का, चार्लीनला कळवलं का, जागा मिळेल ना आता. ती माझं संपेपर्यंत थांबली.

‘पत्र वाचून दाखवावं लागतं,’ ती म्हणाली. ‘नियम आहे. आलेला प्रत्येक कागद सुनावणीत मोठ्याने वाचायचा, अर्जदारासमोर. चार्लीन आली होती. तिची आईही आली होती.’

‘मग?’

‘शिफ्टचं आईला माहीत नव्हतं.’

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, काय माहीत नव्हतं? ग्लोरियाने सांगितलं, तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. आईची समजूत होती की निरोप चार्लीनपर्यंत उशिरा पोचला. म्हातारी शेवटचे दोन तास नातीला विचारत होती, आणि आई तिला सांगत होती, तिला अजून कळलं नसेल, कळल्या कळल्या येईल. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आई उठली आणि बाहेर गेली. पार्किंगमधला ट्रक घेऊन एकटीच निघून गेली.

माझा हात फोनला चिकटला होता. ‘पण मी नाव लिहिलं नव्हतं,’ मी म्हणाले. ‘शपथ सांगते, एकदाही नाही लिहिलं.’

‘नाही लिहिलंस,’ ग्लोरिया म्हणाली. ‘वाचायचं अर्ध्यात थांबवावं असं मला वाटलं. पण डीनला थांबवता येत नाही. आणि चार्लीन पूर्ण ऐकत बसली. बोर्डाने पास म्हणून सही केली, कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो परत ढकलला.’

‘परत का?’

‘हे मार्क नको म्हणाली. कोर्स पुन्हा करेन, दुसऱ्या कुणाकडे. पुढच्या वर्षी.’

‘आणि जानेवारीची जागा?’

‘सोडली. तिथूनच फोन करून सोडली.’

कणकेची परात ओट्यावर तशीच होती. मी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. पोरीने मला वाचवलं होतं. चार शब्दांत सगळं मिटवून, मला, तिला, तिच्या आईला, सगळ्यांना तिने झाकलं होतं, आणि मी दोन पानं घेऊन धावत गेले ते उघडं करायला. कुणासाठी? तिच्यासाठी म्हणून लिहिलं ना? छे, डोंबल तिच्यासाठी! मला बरं वाटायला हवं होतं. काकांना वाटलं तसं.

एवढं कळत होतं. त्या क्षणी, तिथे बसल्या बसल्या, अगदी लख्ख कळत होतं. आता ‘बरं’ म्हणायचं, फोन ठेवायचा आणि तोंड बंद करायचं, एवढंच उरलं होतं करण्यासारखं.

‘आणि मग?’ मी म्हणाले. ‘ती रडली का गं? आई घरी आली का परत? काही बोलल्या का एकमेकींशी? आता कुठे आहे ती, कोण आहे तिच्याजवळ?’

पलीकडे ग्लोरिया होती. तिच्या मागे एक दार उघडलं, कुणीतरी चालत गेलं, ते सगळं मला ऐकू येत होतं. ती काहीच बोलत नव्हती, आणि मी विचारत होते. तिने खाल्लं का काही, घरी कशी गेली, तिचा चेहरा कसा होता, माझ्याबद्दल काही म्हणाली का. शेवटी ईशानीने येऊन माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि जागेवर ठेवला.